मुदत संपल्यानंतरचे त्र्याऐंशी दिवस

"पानाबाई, तुमची तारीख उलटून गेलीय की!"

लिफ्टवाले काका टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले होते, आणि ती त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून त्यांची नडगी मागे रेटत होती. नवा गुडघा बसवून सहा आठवडे झाले होते. दुखायला लागलं की माणसं डोळे मिटून घेतात. काकांचं उलटं होतं. ते डोळे टक्क उघडे ठेवून भिंतीवर जे दिसेल ते वाचत सुटायचे. पाठीच्या कण्याचं चित्र, मोबाइल बंद ठेवायची सूचना, आग विझवायच्या नळकांड्यावरचा मजकूर, सगळं त्यांचं तोंडपाठ झालं होतं. आज त्यांची नजर तिच्या डोक्यावरून जाऊन चौकटीतल्या परवान्यावर अडकली होती.

"कसली तारीख?" तिनं रेटा काही सोडला नाही.

"लायसन्सची. आई गं, हळू! तीन महिने होत आले की संपून. चाळीस वर्षं लिफ्ट तपासायची नोकरी केली, आत पाय ठेवला की आधी तपासणीच्या कागदावरची तारीख बघायचो. ती खोड काही जात नाही. नवा कागद आला असेल, लावायचा राहिला असेल, नाही का?"

"हो," ती म्हणाली, "लावायचा राहिलाय."

ती खोटं बोलली असं त्या क्षणी तिला वाटलंही नाही. नवा कागद आला असणारच, कुठल्यातरी खणात पडला असेल, अशीच तिची समजूत होती. सव्वीस वर्षं दर दोन वर्षांनी तो येत होता. तिनं काकांचा पाय अजून थोडा मागे रेटला, कोनमापक लावून ब्याऐंशी अंश लिहून घेतले, खाली सही केली, सहीखाली नेहमीप्रमाणे परवान्याचा क्रमांक घातला आणि काकांना काठी दिली.

'पाना' हे नाव तिला काकांनीच दिलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं गुडघा वाकवला तेव्हा ते ओरडले होते, "बाई, हा हात आहे का पाना?" काउंटरवरच्या पोरीनं ते ऐकलं आणि आठवडाभरात सगळ्या दवाखान्यात ती पानाबाई झाली. तिला ते मनातून आवडलं होतं. तिच्या हातात जोर होता, आणि त्या जोरावर तिनं कितीतरी अडलेले खांदे, गुडघे, कोपरं सोडवली होती.

काका गेल्यावर तिनं खण उपसले. कागद नव्हता. काउंटरवरच्या पोरीनं परवाने देणाऱ्या फिजिओथेरपी परिषदेच्या संकेतस्थळावर तिचं नाव टाकलं. ते लगेच सापडलं, आणि त्याच्यापुढे लाल अक्षरांत 'मुदत समाप्त' असं होतं.

"ताई, हे तर त्र्याऐंशी दिवसांपूर्वीचं आहे," पोरगी म्हणाली. हिशेब तिनं बोटांवर केला, पुन्हा केला आणि मग बोटं टेबलाखाली लपवली.

चूक कुणाची हे शोधायला फार खोल जावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी सासूबाई राहायला आल्या म्हणून घर बदललं होतं. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात; सामान हलवणं, वीज, पाणी, बँक सगळीकडचे पत्ते बदलणं तिनं एकटीनं उरकलं. परिषदेचा पत्ता बदलायचा राहिला. सूचनेची पत्रं जुन्या घरी गेली असणार. ईमेलवरही आली असणार, पण ती पेटी ती वर्षावर्षात उघडत नसे. आणि पत्र मिळालं असतं तरी अडचण होतीच. नूतनीकरणासाठी दोन वर्षांत तीस तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. तिचे झाले होते चार. सव्वीस वर्षं हेच काम करतेय, मला नवीन काय शिकवणार, असं म्हणून तिनं ते पुढे ढकललं होतं.

बाहेर दोन माणसं थांबली होती, एक खांदा आणि एक कंबर. तिनं बाहेर जाऊन त्यांना घरी पाठवलं. काहीतरी कारण सांगितलं, काय ते नंतर तिलाच आठवेना. मग आत येऊन तिनं अर्ज उघडला.

उशिरा नूतनीकरण करणाऱ्यांसाठी तो वेगळा अर्ज होता. नाव, क्रमांक, पत्ता भरून झाल्यावर सातवा प्रश्न होता : मुदत संपल्यापासून आजपर्यंत आपण कोणत्याही रुग्णावर उपचार केले आहेत का? पुढे दोन चौकोन. होय. नाही.

पोरगी तिच्या खांद्यावरून वाचत होती. "नाही करा."

"अगं..."

"ताई, नाही केलं की तास पुरे करायला मुदत देतात आणि आठवड्यात कागद हातात. माझ्या मामेबहिणीच्या दवाखान्यात हेच झालं होतं. होय केलं तर काय होतं माहितीये?" तिनं माउस ओढून घेतला आणि 'होय'वर टिचकी मारून दाखवली. लगेच खाली एक लांबलचक कोष्टक उघडलं : रुग्णाचं नाव, पत्ता, तारीख, केलेले उपचार. पोरीनं घाईघाईनं खूण काढून टाकली, जणू बटणाचा चटका बसतो. "बघितलंत? कुणाला कळणारे?"

"काकांनी वाचलंय."

"काकांना तुम्ही सांगितलंय ना, लावायचा राहिलाय म्हणून. संपलं."

तिथे मात्र तिला आपलं सकाळचं वाक्य पहिल्यांदा टोचलं.

अर्ज तीन दिवस तसाच पडून राहिला. दवाखाना बंद होता. ती घरी बसली, म्हणजे बसली नाहीच. तिनं स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग आकाराप्रमाणे लावले. गॅलरीत गेली, परत आली. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. काही नाही तर एका हाताच्या अंगठ्यानं दुसऱ्या हाताचा तळवा रगडत बसली. सव्वीस वर्षं दिवसाला दहा-बारा माणसांच्या अंगावरून फिरलेले हात, ते एकदम रिकामे ठेवायचे म्हणजे ठेवायचे कुठे?

"तू बसलीस की घर हलायला लागतं," सासूबाई आरामखुर्चीतून म्हणाल्या. "एक तर कामाला जा, नाहीतर फिरायला जा. माझं डोकं गरगरायला लागलंय तुला बघून."

"कामाला जाता येत नाही, आई. सांगितलं ना तुम्हाला."

"मग ती टिकमार्क का काय ती कर आणि मोकळी हो."

"कुठली करू?"

सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "ते मला विचारून करणार आहेस? मी हो म्हटलं तर नाही करशील आणि नाही म्हटलं तर हो. तुझा नवराही असाच आहे, म्हणून तर जमलं तुमचं."

शेवटी तिनं 'होय' केलं, पण ते काही फार थोर विचार करून नव्हे. खोटं बोलायची तिला भीती वाटत होती असंही नाही. तिनं त्र्याऐंशी दिवसांच्या नोंदवह्या समोर घेतल्या होत्या. पानापानावर तिची सही, सहीखाली क्रमांक. लिफ्टवाले काका, सदुसष्ट अंश, चौऱ्याहत्तर, ब्याऐंशी. मान अवघडलेली शिक्षिका, आता वळून फळ्यावर लिहिते. 'नाही' केलं तर हे सगळं कुणी केलं? मी काम केलंच नाही, हे वाक्य तिच्याच्यानं लिहवेना. त्यात अभिमान जास्त होता आणि सचोटी कमी, हे तिचं तिलाही कळत होतं. एकसष्ट नावं भरायला तिला पूर्ण सकाळ लागली. मग तिनं अर्ज पाठवून दिला.

उलट टपाली उत्तर आलं. सुनावणी पाच आठवड्यांनी. तोवर उपचार करायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही, व्यायाम शिकवायचे नाहीत, स्वतःला थेरपिस्ट म्हणवायचं नाही.

त्याच आठवड्यात सासूबाईंची मान धरली. एरवी पाच मिनिटांचं काम. तिचे हात आपोआप मानेकडे गेले आणि हवेतच थांबले.

"काय झालं? हात लावलास तर पोलीस येणारेत?"

"विचारते," ती म्हणाली, आणि खरंच तिनं परिषदेच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचा कारकून बराच वेळ कागद चाळत होता.

"घरच्या माणसाची मान सून म्हणून चोळून द्यायला हरकत नाही," तो म्हणाला. "थेरपिस्ट म्हणून द्यायची नाही."

"दोन्हींत फरक काय?"

"तो तुम्हालाच ठाऊक असणार, मॅडम."

तिनं सून म्हणून मान चोळली. म्हणजे कुठला स्नायू, कुठला मणका हे मनातून पुसून टाकायचा प्रयत्न करत नुसतं तेल जिरवलं. दोन मिनिटांत सासूबाई खेकसल्या, "हे काय, कणीक तिंबतेयस का? त्यापेक्षा गरम पाण्याची पिशवी दे." तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिनं तेलाच्या हातानंच पुसलं. मग डोळे चुरचुरले ते वेगळंच.

दवाखाना बंद झाल्याच्या नवव्या दिवशी काकूंचा, म्हणजे लिफ्टवाल्या काकांच्या बायकोचा, फोन आला. "बाई, तुम्ही म्हणालात दवाखाना थोडे दिवस बंद. किती दिवस? यांचा गुडघा पुन्हा धरला तर? डॉक्टर म्हणाले होते, पहिले तीन महिने हातचे जाऊ देऊ नका. घरी येऊन एकदा वाकवून जा ना. कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही, हे वाक्य तिनं त्या नऊ दिवसांत दुसऱ्यांदा ऐकलं. नाही म्हणायचं ठरवून तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "येते."

वाटेत ती दोनदा परत फिरली. एकदा औषधाच्या दुकानापाशी आणि एकदा त्यांच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर. फक्त बघून येऊ, असं स्वतःला बजावत तिनं घंटा वाजवली.

काका खिडकीशी पाय लांब करून बसले होते. पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली. "या पानाबाई! हा घ्या, वाटच बघतोय तुमची. द्या एक रेटा."

"काका, मला आत्ता हात लावता येणार नाही. कागदाचं काम जरा अडकलंय."

"मग कागद येईपर्यंत मी काय करू? गंजून जाईन की."

ती समोरच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. हात लावायचा नाही, बोलायचंही नाही, मग उरलं काय? बघणं. ती गुडघ्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांत एखाद्या गुडघ्याकडे इतका वेळ तिनं नुसतं पाहिलं नसेल. तिचा हात नेहमी डोळ्यांच्या आधी पोचायचा. जखमेच्या व्रणाभोवतीची कातडी ताणून चकाकत होती. वरच्या बाजूला, वाटीच्या पलीकडे, उशीसारखी सूज होती. मांडीचा स्नायू दुसऱ्या मांडीच्या निम्म्यानं उतरला होता.

"हे आज जास्त सुजलंय का?" तिच्या तोंडून गेलंच.

"छे! हे तर बरंच उतरलं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडून आले की त्या दिवशी कलिंगडासारखा व्हायचा. रात्रभर कण्हायचे. दोन दिवसांनी जरा उतरायचं की पुन्हा तुमच्याकडे यायची वेळ. या नऊ दिवसांत मात्र झोप लागतेय त्यांना."

"मला कधी सांगितलं नाहीत?"

"हे म्हणायचे, सांगू नकोस. बाई म्हणतील, सोसत नाही यांना."

काका ओशाळून हसले. तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती उठली, पाणी न पिताच निघाली, आणि जिन्यात थांबून कठड्याला घट्ट धरून उभी राहिली.

त्या भागात दुसरा फिजिओथेरपिस्ट एकच होता, आणि तो तिच्याच दवाखान्यातून भांडून गेलेला. त्याला ती 'सावकाश' म्हणायची. रुग्णाशी बोलण्यात तो पंधरा मिनिटं घालवायचा, मग हळूच हात लावायचा, मग पुन्हा बोलायचा. तिला ते सहन व्हायचं नाही. चार वर्षांपूर्वी एका रुग्णासमोरच ती त्याला म्हणाली होती, "तुझ्या हातात जोर नाही, तू समुपदेशन कर." त्यानं त्याच संध्याकाळी ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला होता.

त्याची खोली एका लाँड्रीच्या वर होती. जिना चढताना इस्त्रीची वाफ अंगावर येत होती. सावकाशनं दार उघडलं, तिला पाहिलं आणि दार धरूनच उभा राहिला.

"आत येऊ का?"

"या ना, ताई. बसा."

तिनं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं : परवाना, त्र्याऐंशी दिवस, सातवा प्रश्न. तो ऐकत राहिला, मध्ये बोलला नाही. पूर्वी त्याच्या याच गप्प बसण्यानं तिचं डोकं उठायचं.

"एक गुडघा आहे," ती शेवटी म्हणाली. "तू घेशील का? बाकीच्यांना लांबचे दवाखाने सांगितलेत. पण या काकांना जिना उतरून लांब जाववणार नाही."

"पाठवा. उद्याच."

"एवढंच? बाकी काही म्हणायचं नाही तुला?"

"म्हणायचं होतं," सावकाश म्हणाला. "चार वर्षांपूर्वी. आता आठवत नाही धड."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत होता. "ताई, काकांना तपासलं. स्पष्ट सांगू?"

"सांग."

"खूप रेटलंय. दर वेळी सुजवून, वर पुन्हा रेटलंय. दुखण्याच्या भीतीनं मांडी आवळून धरतात, म्हणून वाकत नाहीये. मी महिनाभर रेटणार नाही. आधी सूज उतरवू, मांडीत जोर आणू. स्वतःच्या बळावर जेवढा वाकेल तेवढा वाकवू दे त्यांना."

"आणि तोवर सांधा आखडला तर? मी असे दोनशे गुडघे सोडवलेत!"

"सोडवलेत ना. मी कुठं नाही म्हणतोय? पण न सुटलेल्यांची मोजदाद आपण दोघांनीही ठेवलेली नाही."

तिनं फोन आपटला. मग घरभर फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं.

सव्वीस तासांचं राहिलेलं शिक्षण पुरं करायचंच होतं. तिनं मुद्दाम गुडघ्याचा अभ्यासक्रम निवडला, सावकाशला चूक ठरवायला. रोज सकाळी संगणकासमोर बसायची, वही उघडायची आणि भांडल्यासारख्या नोंदी करायची : 'असं कुणी सांगितलं?' 'पुरावा काय?' पुरावा पुढच्याच पानावर असायचा. शिकवणारी बाई तिच्या निम्म्या वयाची असेल. ऑपरेशनच्या गुडघ्यावर बाहेरून जोर लावण्याबद्दल गेल्या दहा-बारा वर्षांत काय काय बदललं, ते ती एकेक करून दाखवत होती. चौदाव्या तासाला पानाबाईनं भांडायचं सोडलं. विसाव्या तासाला तिनं जुन्या नोंदवह्या काढल्या आणि अर्ध्यात उपचार सोडून गेलेल्या माणसांची नावं शोधायला लागली. नोंदीत तिनं लिहिलं होतं : 'सहनशक्ती कमी.' 'सहकार्य नाही.' 'आले नाहीत.'

मग पत्रं गेली. परिषदेनं एकसष्ट जणांना कळवलं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्यावर उपचार करणाऱ्या व्यक्तीकडे वैध परवाना नव्हता. आपली काही तक्रार असल्यास लिहावी. दिवसभर फोन वाजत राहिला. बहुतेकांनी धीरच दिला. मान सुटलेली शिक्षिका तर परिषदेलाच रागावली. पण काकूंचा फोन आला तो रागाचाच.

"त्यांनी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, बाई. तारीख उलटलीय म्हणून. तुम्ही काय म्हणालात? लावायचा राहिलाय! आणि घरी आलात तेव्हाही, काम अडकलंय. का नाही सांगितलंत सरळ?"

"लाज वाटली, काकू."

"आणि आमचं माणूस कण्हत होतं त्याचं काय?"

काकूंनी परिषदेला दोन पानी तक्रार पाठवली.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पलीकडे तिघं : अध्यक्ष म्हणून एक ज्येष्ठ थेरपिस्ट, एक वकीलबाई आणि लोकांच्या वतीनं नेमलेल्या एक निवृत्त ग्रंथपाल. खिडकीबाहेर कुणीतरी भिंतीला छिद्रं पाडत होतं. दर दोन मिनिटांनी ड्रिलचा आवाज यायचा आणि सगळे वाक्य अर्धवट सोडून थांबायचे. तिचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. तिनं तो दुसऱ्या पायानं दाबून धरला, तर तोही हलायला लागला.

अध्यक्षांनी काकूंचं पत्र मोठ्यानं वाचलं. रेटल्याचं, सुजल्याचं, खोटं बोलल्याचं. "यावर काय म्हणायचंय? उपचार करताना जोर लावणं हा काही गुन्हा नाही. आपल्या पिढीत आपण सगळे तसंच शिकलो. मीही."

त्यांनी तिला वाट काढून दिली होती, हे तिला कळलं. तिनं मान हलवून गप्प बसायचं, एवढंच होतं.

"शिकलो तसंच," ती म्हणाली. "पण दर दोन वर्षांनी तीस तास बसा असं तुम्ही सांगता, ते मी बसले नाही. बसले असते तर मला आधी कळलं असतं. पत्रातलं खरं आहे. खोटं बोलले तेही खरं आहे."

ड्रिल सुरू झालं. थांबलं.

ग्रंथपालबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "एक सांगा, 'नाही'वर खूण केली असती तर आम्हाला कदाचित कळलंही नसतं. का नाही केलीत?"

"माझ्या कामाचा मला फार गर्व होता," ती म्हणाली. "ते केलंच नाही असं लिहवलं नाही. दुसरं काही चांगलं कारण सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

वकीलबाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

निकाल तासाभरानं मिळाला. आणखी दोन महिने परवाना बंद. कुणालाही पाहता येईल अशा परिषदेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे ताकीद. त्यानंतर परवाना मिळेल, पण पहिले सहा महिने दुसऱ्या परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करायचं. परवानाधारक कोण, ते तिनं शोधायचं होतं.

"शोधायचं काय त्यात?" घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. "तो लाँड्रीवरचा आहे की. जा, पाय धर त्याचे. नाहीतरी तुझा धंदाच तो आहे."

दोन महिन्यांनी ती इस्त्रीच्या वाफेतून तो जिना चढली. सावकाशनं तिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. "अरे" म्हणू की "अहो", या विचारात ती दारातच अडखळली. आता तो तिच्या नोंदींवर सही करणार होता.

"अहो..." तिनं सुरुवात केली.

"ताई, कृपा करा," तो म्हणाला. "अहो म्हटलंत की मला वाटतं, आता ओरडा बसणार."

पहिल्या आठवड्यात तिनं त्याच्या सांगण्यावरून फक्त माणसांशी बोलण्याचं काम केलं. कुठं दुखतं, कधी दुखतं, घरी काय काय अडतं. पाचव्या मिनिटाला तिची बोटं टेबलावर ताशा वाजवायला लागायची. ती हात पाठीमागे बांधायची आणि पुढचा प्रश्न विचारायची. काही माणसं सातव्या-आठव्या मिनिटाला असं काही सांगायची की हाताला ते कधीच कळलं नसतं. काही मात्र नुसतीच शेजाऱ्यांची गाऱ्हाणी सांगत बसायची.

दुसऱ्या आठवड्यात काका आले. मागून काकू. काकूंनी तिला पाहिलं, नमस्कार केला नाही आणि भिंतीशी खुर्ची ओढून मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या.

"आज यांना मी बघायचं म्हणते," ती म्हणाली. "तुमची परवानगी असेल तर. नसेल तर सावकाश आहेत... म्हणजे हे आहेत." सावकाशला स्वतःचं टोपणनाव तेव्हा पहिल्यांदा समोरासमोर कळलं. त्यानं भुवई उंचावली आणि चेहरा वळवला.

काकांनी बायकोकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी इथे बसून बघणार आहे."

"बघा. आणि काका, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. त्याबद्दल माफी मागते. तुम्ही बरोबर वाचलं होतंत."

"अहो, वाचण्यात मी कशाला चुकेन?" काका म्हणाले. "चाळीस वर्षांत किती लिफ्ट बंद केल्या, आणि लोकांच्या किती शिव्या खाल्ल्या! तुम्हाला मात्र नुसतं विचारलं आणि सोडून दिलं. माझीही चूकच."

ते टेबलाच्या कडेला बसले. सूज बरीच उतरली होती, मांडी भरत आली होती, पण जिना अजून ते एकेक पायरी करूनच चढत होते. सावकाशच्या नोंदीत शेवटचा आकडा शहाण्णव होता. एवढ्या दिवसांत एकशे दहा व्हायला हवे होते, आणि कदाचित आता ते कधीच होणार नव्हते. तिच्या रेट्यानं किती गेले आणि त्याच्या न रेटण्यानं किती, हे ठरवायला कुठलंही कोनमापक उपयोगाचं नव्हतं. ती स्टुलावर बसली. हात शिवशिवत होते. तिनं तळवा नडगीच्या खाली, नुसता आधाराला धरला.

"तुम्ही वाकवा," ती म्हणाली. "मी रेटणार नाही. दुखलं तर सांगा, थांबू."

"पूर्वी नाही थांबायचात."

"नाही थांबायचे."

काकांनी श्वास घेतला आणि पाय मागे घ्यायला सुरुवात केली. एका ठिकाणी येऊन तो अडला आणि थरथरायला लागला. अजून थोडा जाईल, तिच्या हाताला कळत होतं, नुसतं बोट लावलं तरी जाईल. भिंतीशी काकू खुर्चीत पुढे सरकल्या. तिचा तळवा तसाच राहिला.

"बास?" तिनं विचारलं.

काका डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच बघत होते. "थांबा जरा," ते म्हणाले. "बघतो, जातोय का."